बंदुकीच्या नळींतील काजळी

युद्धांचे इतिहास लिहिणारे पंडित तोफांची संख्या, सेनापतींचीं नांवें आणि तहांचीं कलमें यांचा हिशेब मोठ्या दक्षतेनें ठेवितात. परंतु लढाई संपल्यावर शिपाई हातांत गज आणि चिंधी घेऊन जो घटकाभर बसतो, त्याच्या त्या उद्योगास त्यांच्या ग्रंथांत सहसा जागा मिळत नाहीं. बंदुकीची नळी किती वेळां पुसावी आणि कशानें पुसावी हा हवालदारानें सोडवावयाचा प्रश्न आहे, इतिहासकाराचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, असा समज रूढ आहे. हा समज आम्हांस मान्य नाहीं. गेल्या दोनशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर निदान तीन वेळां बदललें. आणि तें बदललें तें बंदुकीची घडण बदलली म्हणून नव्हे, तर नळींत मागें राहणारा मळ बदलला म्हणून. मळ बदलला तरी शिपायाकडून घोकून घेतला जाणारा नियम मात्र जुनाच राही, किंवा आतां नियमाची गरजच उरली नाहीं असें त्यास सांगण्यांत येई. या दोहोंचे परिणाम काय झाले तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम जुन्या काळ्या दारूचा विचार करूं. सोरा, कोळसा आणि गंधक यांचें हें मिश्रण; इंग्लंडांत लष्करी दारू ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक या प्रमाणांत करीत. ही दारू पेटली म्हणजे तिचा सगळा वायु होऊन जातो असें पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः निम्म्याहून अधिक दारूचा वायु होतच नाहीं. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघां शास्त्रज्ञांनीं बंद पोलादी पात्रांत दारूचे स्फोट करून १८७५ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें शंभर भाग दारूपैकीं सुमारें ५७ भाग शेवटीं घनरूपानेंच उरतात. जुन्या लढायांच्या चित्रांत रणभूमीवर जो पांढरा ढग पसरलेला दिसतो तो याच घन कणांचा. आणि जे कण ढगांत गेले नाहींत ते नळीच्या आंतल्या अंगाला लेप देऊन बसतात. या लेपास आपण सोईसाठीं काजळी म्हणूं. पण ती नुसत्या कोळशाची काजळी असती तर तिनें लोखंडाचें फारसें वांकडें केलें नसतें. तिच्यांत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड असे क्षार असतात. हे क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात, आणि संध्याकाळीं तशीच ठेवलेली नळी सकाळीं तांबूस दिसूं लागते.

सुदैवाची गोष्ट एवढीच कीं, हे क्षार पाण्यांत विरघळतात. म्हणून काळ्या दारूचा नियम साधा होता: ज्या दिवशीं बार काढला त्याच दिवशीं नळी पाण्यानें धुवावी, शक्य तर ऊन पाण्यानें, कारण उन्हावलेली नळी मागाहून आपोआप वाळते, मग कोरडी चिंधी फिरवावी, आणि अगदीं शेवटीं तेलाचा हात द्यावा. धुतांना सडक्या अंड्यासारखी जी दुर्गंधी सुटते ती त्यांतील सल्फाइडची. आधीं पाणी आणि मग तेल, हा क्रम महत्त्वाचा. उलट केलें तर तेलाखालीं क्षार सुखानें नांदतो. कोकणांत शेतीच्या संरक्षणासाठीं परवान्यावर दिलेल्या ज्या ठासणीच्या बंदुका अजून घरोघर आहेत, त्यांना हाच नियम आजहि लागू आहे, आणि तिकडच्या आषाढांतील हवेंत तो मोडण्याची शिक्षा एका रात्रींत मिळते.

गुळगुळीत नळीच्या काळांत या काजळीशीं सैन्यांनीं एक प्रकारचा तहच केला होता. इंग्रजी पायदळाच्या प्रसिद्ध 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची असे, आणि तिची गोळी मात्र सुमारें ·६९ इंचाची. एवढी सैल गोळी नळींत आपटत आपटत बाहेर पडे आणि नेम कोठल्या कोठें जाई, हें तज्ज्ञांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु बारामागून बार काढतां काढतां नळींत लेप चढत गेला तरी गोळी गजाच्या एका दाबासरशीं खालीं उतरली पाहिजे, ही रणांगणावरची पहिली गरज होती. तेव्हां काजळीची जागा आधींच राखून ठेवूनच गोळी ओतली जाई. शिपायाच्या पट्ट्याला एक तारेची सुई आणि एक चिमुकला ब्रश टांगलेला असे. रंजकाचा कान बुजला तर सुईनें मोकळा करावयाचा आणि रंजकाची वाटी ब्रशानें झाडावयाची, एवढीच लढाई चालू असतांनाची साफसफाई.

त्या काळच्या कवायती अधिकाऱ्यांचें लक्ष तसें नळीच्या आंत कमी आणि बाहेरच अधिक असे. शिपायानें विटेची पूड आणि तेल घेऊन नळीचें बाहेरचें अंग आरशासारखें होईपर्यंत घांसावें, असा शिरस्ता होता. वर्षानुवर्षें असें घांसून नळ्या पातळ होत. कांहीं पलटणींत तर कवायतीच्या वेळीं बंदुकी एकदम खणकाव्या म्हणून त्यांचे खिळे मुद्दाम सैल करून ठेवीत! १८१५ च्या सुमारास नळ्यांवर तपकिरी रंग चढविण्याचा हुकूम झाला, तेव्हां कोठें या घांसाघांशीस आळा बसला. सैन्यांत स्वच्छतेचे दोन अर्थ पूर्वींपासून आहेत, एक तपासणी करणाऱ्या साहेबाच्या डोळ्यासाठीं आणि दुसरा गोळीसाठीं. आणि पहिल्यानें दुसऱ्यास मागें सारल्याचीं उदाहरणें पुढेंहि आढळतील.

काजळीशीं झालेला हा तह मोडला तो मळसूत्री खांचांची नळी, म्हणजे रायफल, सर्व पायदळास द्यावी असा विचार सुरू झाला तेव्हां. खांचांत गोळी घट्ट बसली नाहीं तर तिला फिरकी मिळत नाहीं. आणि घट्ट बसवावी तर चार-सहा बारांनंतर काजळीवरून ती खालीं सरकत नाहीं. १८०० सालच्या बेकर रायफलीबरोबर सुरवातीला शिपायांना लहान लांकडी हातोड्या देण्यांत आल्या होत्या, यावरूनच काय तें समजावें. १८३७ च्या ब्रुन्सविक रायफलींत गोळीला पट्टा असे व नळींत दोनच खोल खांचा. नळी स्वच्छ असेपर्यंत ठीक, काजळी धरली कीं शिपाई रडकुंडीस येई. पुढें फ्रेंच अधिकारी मिनिए यानें, जी भरतांना सैल आणि उडतांना बूड फुगून घट्ट होते, अशी गोळी प्रचारांत आणली. तिनें हा पेच पुष्कळसा सोडविला, पण सैलपणास आतां मर्यादा आली. अमेरिकेंतील यादवी युद्धांत १८६२ पासून संघराज्याच्या शिपायांना दहा काडतुसांच्या पुडक्यांत एक निराळ्या घडणीचें काडतूस मिळूं लागलें. त्या विल्यम्स नांवाच्या गोळीच्या बुडाशीं जस्ताची चकती असे. बार होतांच ती पसरून नळी खरवडीत जाई अशी योजना होती. शत्रूवर झाडलेल्या गोळीनेंच नळी साफ व्हावी ही कल्पना मोठी गमतीची खरी. इंग्रजांनीं त्याआधींच दुसरा मार्ग पत्करला होता. तो मार्ग म्हणजे वंगण. आणि येथें हा क्षुल्लक दिसणारा विषय आपल्या देशाच्या इतिहासांत शिरतो.

१८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचा नळीव्यास ·५७७ इंच आणि गोळी ·५६८ इंच. म्हणजे मधलें अंतर एक शतांश इंचाहूनहि कमी. दारू आणि गोळी एकाच कागदी काडतुसांत गुंडाळलेली असे. दारूकडचें टोंक दांतांनीं तोडावयाचें, दारू नळींत ओतावयाची, मग काडतूस उलटें करून गोळीचें टोंक कागदासह नळींत घालावयाचें आणि उरलेला कागद फाडून टाकावयाचा, असा भरण्याचा क्रम होता. गोळीकडच्या कागदाला चरबी व मेण यांच्या मिश्रणाचा हात दिलेला असे. या वंगणानें गोळी सुलभपणें उतरे, हा एक लाभ. परंतु त्याहून मोठा लाभ असा कीं, मागच्या बाराची काजळी वाळून कडक होण्याऐवजीं मऊ राही आणि पुढची गोळी ती आपल्याबरोबर घेऊन जाई. नळी किती वेळां पुसावी, या प्रश्नास कारखानदारांनीं 'प्रत्येक गोळीबरोबर थोडी थोडी' असें उत्तर दिलें होतें. यंत्रविद्येच्या दृष्टीनें हें उत्तर उत्तम होतें, यांत शंका नाहीं. फक्त नळीवर खिळलेली त्यांची नजर शिपायाच्या तोंडापर्यंत पोंचली नाहीं. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न त्यांच्या वहींतच नव्हता.

तो प्रश्न कोणासहि सुचला नव्हता असें मात्र म्हणतां येत नाहीं. १८५३ सालीं हीं काडतुसें, येथील हवेंत वंगण टिकतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, हिंदुस्थानांत आलीं आणि शिपायांच्या पेट्यांतून फिरविण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बंगाल सैन्याचे अ‍ॅडजुटंट-जनरल कर्नल टकर यांनीं लेखी इशारा दिला कीं, जातिधर्मास बाधक असें कांहीं वंगणांत नाहीं याची खात्री झाल्यावांचून हीं काडतुसें देशी पलटणींस देऊं नयेत. हा कागद दप्तरांतच राहिला. जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळ डमडम येथें गाईच्या व डुकराच्या चरबीची बातमी फुटली; २७ जानेवारीस शिपायांनीं आपापलें वंगण आपल्या हातानें लावावें अशी मुभा देण्यांत आली; पण तोंवर बातमी मुभेच्या फार पुढें गेली होती. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे यांचा प्रकार झाला. २४ एप्रिलला मीरत येथें तिसऱ्या घोडेस्वार पलटणींतील ९० स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसांस हात लावण्याचें नाकारलें, आणि त्या दिवशीं पुढें केलेलीं काडतुसें तर नवीं नव्हतींच. तीं पूर्वींचींच, नेहमींच्या वापरांतलीं होतीं. संशयानें आतां वंगणाचाहि आधार सोडला होता. १० मे रोजीं मीरतेंत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यापुढचा प्रलय मराठी वाचकांनीं गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत एका भिक्षुकाच्या डोळ्यांनीं पाहिला आहे.

सत्तावन्नचें बंड केवळ काडतुसांनीं झालें असें म्हणणारा इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. खालसा केलेलीं संस्थानें, जमीनमहसुलाची व्यवस्था, भत्त्यांची कपात, सक्तीचा समुद्रप्रवास, हीं कारणें जुनीं आणि खोल होतीं. परंतु त्या सर्वांना एक दिवस आणि एक वस्तु मिळवून दिली ती या वंगणानें, एवढें निर्विवाद आहे. आणि यांतील विपर्यास असा कीं, ज्या कामासाठीं हें वंगण योजलें होतें तें काम येथल्या हवेंत त्यानें नीट केलेंहि नाहीं. उष्ण देशांत काजळी लौकर कडक होऊन एन्फील्ड भरणें जड जातें अशा तक्रारी आल्या, आणि पुढें गोळीचाच व्यास कमी करून ·५५ इंच करण्यांत आला व वंगणांत मेणाचें प्रमाण वाढविण्यांत आलें.

आतां दुसऱ्या मळाकडे वळूं. हा मळ दारूचा नसून ठिणगीचा आहे, आणि म्हणूनच तो पाऊणशें वर्षें ओळखूं आला नाहीं. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फोर्साइथ नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १८०७ सालीं, आघातानें पेटणाऱ्या चूर्णानें बंदूक डागण्याचें पेटंट घेतलें. गारगोटीची ठिणगी पाहून पांखरें उडून जातात, ही त्याची मूळची तक्रार होती. या चूर्णांत पोटॅशियम क्लोरेट हें मुख्य द्रव्य होतें. पुढें तांब्याच्या केपी आल्या तेव्हां त्यांतहि, पाऱ्याच्या फल्मिनेटाबरोबर, क्लोरेट राहिलेंच. क्लोरेट पेटून त्यांतील प्राणवायु निघून गेला कीं मागें उरतें तें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या जेवणांतील मिठाचें सख्खें भावंड. मीठ लोखंडाचें काय करितें तें मुंबईच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यास सांगावयास नको. परंतु काळ्या दारूच्या काळांत हें मीठ ढीगभर काजळींत मिसळून जाई, आणि काजळीसाठीं ओतलेल्या पाण्याबरोबर न कळत तेंहि वाहून जाई. एका रोगाच्या औषधानें दुसरा रोग बरा होत होता, आणि वैद्याला दुसऱ्याचें नांवहि माहीत नव्हतें.

१८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली. दोन वर्षांनीं ती लेबेल रायफलीबरोबर फ्रेंच सैन्यांत आली. पुढें इंग्रजांनीं कॉर्डाइट स्वीकारलें. त्यांत ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसलिनसारखी खनिज चरबी असे. ही चरबी घातली होती नळीला वंगण म्हणून. पुढें असें आढळलें कीं तिचा खरा उपयोग दारू साठवणींत बिघडूं न देण्याचा आहे. नळीच्या शास्त्रांत बरोबर गोष्ट चुकीच्या कारणानें केल्याचें हें आणखी एक उदाहरण. कॉर्डाइट अतिशय उष्ण जळे. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीच्या उथळ, गोलसर खांचा त्या उष्णतेनें झिजूं लागल्या, म्हणून १८९५ सालीं अधिक ठसठशीत खांचांची ली-एन्फील्ड आली. पण झीज निराळी आणि गंज निराळा. झिजेला पुसण्याचा उपाय नाहीं.

बिनधुराच्या दारूची काजळी अगदींच थोडी. शिपायानें एक-दोन चिंध्या फिरविल्या, तेल लावलें, नळींतून आकाशाकडे पाहिलें, तर ती लख्ख. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पाहतो तों आंत गंजाचे ठिपके! पुन्हा पुसावी, पुन्हा तेल द्यावें, पुन्हा ठिपके. जगांतील सर्व सैन्यांना हा अनुभव आला. इंग्रज शिपायाच्या भाषेंत नळीला 'घाम' फुटतो असें म्हणत. या घामाचीं कारणें शोधतांना पुष्कळ तर्क लढविले गेले. कोणी म्हणे, नव्या दारूंत नायट्रिक आम्लाचा अंश असतो आणि तो पोलादास खातो. कोणी म्हणे, तप्त वायु पोलादाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसतो आणि सावकाश बाहेर पडतो. दोन्ही तर्क ऐकावयास शास्त्रीय होते आणि दोन्हींस पाठबळ देणारीं तेलें बाजारांत विकावयास होतीं. ब्रिटिश लष्करानें मात्र तर्काच्या वादांत न पडतां पत्र्याचें एक नरसाळें दिलें. त्याची नळकांडी रायफलीच्या मागल्या तोंडांत बसे. त्यांतून उकळतें पाणी ओतून नळी धुवावी, मग दोरीच्या 'पुलथ्रू'नें फ्लॅनेलेटचे तुकडे ओढून ती कोरडी करावी आणि मग तेल लावावें. हा काळ्या दारूचाच नियम होता. कारण ठाऊक नसतांना तो जपून ठेवला गेला, आणि तोच बरोबर होता. ज्यांनीं नव्या रसायनशास्त्राच्या भरंवशावर पाणी सोडून नुसतें तेल धरलें, त्यांच्या नळ्या गंजल्या.

याचा उलगडा १९२२ सालीं झाला. अमेरिकेच्या खाणखात्यांतील विल्बर्ट हफ या रसायनज्ञानें तेलाच्या थराखालीं होणाऱ्या गंजाविषयीं एक लहानसा शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. खाणखात्याचा बंदुकीच्या नळीशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल. पण स्फोटक द्रव्यांची परीक्षा हें त्या खात्याचें एक कामच होतें. हफ यानें दाखवून दिलें कीं, दोष दारूचा नाहीं, आम्लाचा नाहीं आणि पोलादांत लपलेल्या वायूचाहि नाहीं. दोष केपींतल्या क्लोरेटापासून उरणाऱ्या क्लोराइडाचा आहे. हवा कोरडी असेपर्यंत हा क्षार निरुपद्रवी. हवा दमट झाली कीं तो पाणी ओढतो आणि पोलाद खाऊं लागतो. आणि तेलानें तो विरघळत नाहीं, म्हणून तेलाखालीं नळी गंजते. विरघळतो तो पाण्यांत. शंभर वर्षांपूर्वींच्या शिपायाची किटली प्रयोगशाळेंतून पुनः बाहेर आली.

या शोधापाठोपाठ, त्याच दशकाच्या उत्तरार्धांत, जर्मनींत आणि अमेरिकेंत क्लोरेटाऐवजीं शिशाच्या स्टिफनेटाच्या केपी बाजारांत आल्या. त्यांपासून मीठ उरत नाहीं. हा तिसरा मळ. आणि त्यानें प्रथमच शिपायास व शिकाऱ्यास 'आज नाहीं तर उद्यां पुसूं' असें म्हणण्याची सवलत दिली. सैन्यांनीं मात्र ही सवलत लौकर घेतली नाहीं. क्लोरेटाच्या केपी वर्षानुवर्षें साठवणींत बिघडत नाहींत, असा अनुभव होता, आणि युद्धखात्याच्या दृष्टीनें गंजलेल्या नळीपेक्षां न पेटणारें काडतूस अधिक वाईट. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन शिपायाची गॅरंड रायफल क्लोरेटाच्याच केपींवर चालली. गोळीबाराच्या संध्याकाळीं आणि पुढें सलग तीन दिवस नळी साफ करावी असा नियम त्यास घालून दिलेला होता. त्याच सैन्यानें १९४१ सालीं स्वीकारलेल्या हलक्या कार्बाइनीस मात्र आरंभापासून नव्या केपींचीं काडतुसें दिलीं, कारण तिच्यांतील वायूच्या दट्ट्याचा भाग शिपायास रणांगणावर उघडून पुसतां येण्याजोगा नव्हता. म्हणजे एकाच पलटणींत, एकाच तंबूंत, शेजारीं शेजारीं झोपणाऱ्या दोघांच्या शस्त्रांना दोन निराळे नियम खऱ्या अर्थानें लागू होते. तरी दोघांकडून घोकून घेतला जाई तो एकच.

अति पुसण्यानेंहि नळी बिघडते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे, कारण वारंवार पुसण्यास आपण निरपवाद सद्गुण समजतों. पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली कीं ती नळीच्या मुखाशीं एकाच बाजूस घांसते. सुतासारख्या मऊ वस्तूनें, तिच्यावर बसलेल्या धुळीच्या साहाय्यानें, पोलादांत खांच पडते. ब्रिटिश शस्त्रागारांतील कारागीर ही 'दोरीची झीज' ओळखीत आणि अशा नळ्या बाद करीत. गॅरंड रायफल मागून पुसतां येत नसल्यामुळें तिच्यांत पुढूनच गज घालावा लागे, आणि तिचीं मुखें गोळ्यांपेक्षां गजांनींच अधिक झिजलीं. नळीचें मुख हें गोळीचा निरोप घेण्याचें ठिकाण. तेथें केंसाएवढा फरक पडला तरी नेम चुकतो. म्हणून तारेची जाळी पुलथ्रूला लावण्याची परवानगी ब्रिटिश शिपायास सरसकट नव्हती. तेलाचीहि तीच गोष्ट: नळींत तेल राहिलें तर पहिली गोळी भलतीकडे जाते, तेव्हां गोळीबारापूर्वीं तें पुसून काढणें हाहि साफसफाईचाच भाग.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी रायफली साफ करतांना दिसतात. त्यांच्या तोंडीं 'पुलथ्रू' आणि 'चिंदी' हे शब्द असतात. पुसण्याची चिंदी चार इंच लांब व दोन इंच रुंद, आणि तेलाची चिंदी तितकीच लांब पण दीड इंच रुंद, हें ते बिनचूक सांगतात. हें माप ब्रिटिश पायदळाच्या 'फोर बाय टू' फ्लॅनेलेटाचें आहे आणि तें क्लोरेटाच्या काळांतून आलेलें आहे. त्यांच्या ·२२ बोअरच्या रायफलींत आतां मीठ उरत नाहीं. शिशाचा आणि मेणाचा पातळ थर उरतो, आणि नेमबाजांपैकीं पुष्कळ जाणते लोक तो लौकर काढीतहि नाहींत. पण चिंदीचें माप विचारलें जातें, चिंदी कशासाठीं हें सहसा विचारलें जात नाहीं.

हें विचारलें न जाण्याची किंमत विसाव्या शतकांत एकदां फार मोठी पडली. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें एम-१६ नांवाची नवी, हलकी रायफल व्हिएतनामांत पाठविली. ही रायफल इतकी आधुनिक आहे कीं तिला साफसफाईची फारशी गरजच नाहीं, असा समज सैन्यांत पसरला होता. आणि पुष्कळ तुकड्यांना साफसफाईचें साहित्य पोंचलेंच नव्हतें. दुसरीकडे, ज्या दारूवर ही रायफल घडविली व पारखली होती ती दारू १९६४ सालीं बदलण्यांत आली. नव्या गोलकणी दारूनें गति तीच मिळे, परंतु मळ अधिक पडे आणि यंत्राचा वेगहि वाढे. या रायफलींत वायूचा झोत नळीवाटें थेट यंत्रांत येतो, तेव्हां मळहि तेथें येतो. शिवाय, जपानी लोकांनीं दुसऱ्या महायुद्धांत आणि रशियनांनीं आपल्या कलाश्निकोव्हमध्यें नळीला आंतून क्रोमियमचा मुलामा दिला होता. उष्ण व दमट प्रदेशांत त्याचा उपयोग काय तें अमेरिकन शस्त्रखात्यास ठाऊक होतें. तरी एम-१६ च्या नळीस, काडतूस बसण्याच्या घराससुद्धां, तो मुलामा दिला गेला नाहीं. परिणामीं त्या घरांत गंज आणि मळ धरून बार झाल्यावर रिकामी पुंगळी आंतच अडकूं लागली. ती काढण्याचा उपाय एकच: नळीच्या मुखांतून गज घालून पुंगळी मागें ठोकून काढणें. ठासणीच्या बंदुकीचा गज असा परत आला, आणि तोहि शत्रु पन्नास पावलांवर असतांना.

१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्ह येथील टेंकड्यांवर मोठी चकमक झाली. तींतून वांचलेल्या एका मरीन शिपायानें घरीं पाठविलेलें पत्र अमेरिकन काँग्रेसांत वाचलें गेलें. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारीं त्यांच्या रायफली उघडलेल्या, दुरुस्त करतां करतां राहून गेलेल्या अशा सांपडल्या, असें त्यांत लिहिलें होतें. त्याच महिन्यांत रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति बसली. ऑक्टोबरांत तिनें दिलेल्या अहवालांत दारू बदलण्याच्या निर्णयावर आणि तो घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवण्यांत आला. तोपर्यंत दोष शिपायाच्या आळसाचा आहे, तो शस्त्र पुसत नाहीं, असें वरिष्ठ सांगत होते. ज्यास पुसण्याची गरज नाहीं असा समज करून दिला, आणि पुसावयास गज दिला नाहीं, त्यासच न पुसल्याचा दोष द्यावा, हा न्याय कोणत्या पोथींतला?

त्यानंतर सुधारणा झपाट्यानें झाल्या. प्रथम काडतुसाच्या घरास आणि पुढें सबंध नळीस क्रोमियमचा मुलामा आला. दारूंतील दोष कमी केले गेले. दस्त्यांत साफसफाईचें साहित्य ठेवण्याची पोकळी आली. शिपायांसाठीं विल आयझ्नर या नामांकित चित्रकाराकडून रंगीत चित्रकथेच्या रूपांत एक पुस्तिका करवून घेण्यांत आली, आणि ती शिपायांनीं आवडीनें वाचली. तींत चिंदीच्या मापापेक्षां मळ कोठें बसतो आणि कां बसतो, यावर भर होता.

आज नव्या केपी, स्वच्छ दारू आणि मुलामा दिलेली नळी यांमुळें, बार काढल्याबरोबर पुसण्याची घाई पुष्कळशी उरलेली नाहीं. परंतु जुना क्षार अजून जगांतून गेलेला नाहीं. शीतयुद्धाच्या काळांत सोव्हिएत संघांत आणि पूर्व युरोपांत, पत्र्याच्या बंद डब्यांत भरून ठेवलेलीं लक्षावधि काडतुसें पुढें अमेरिकेच्या बाजारांत स्वस्तांत विकलीं गेलीं. साठवणींत तीं खरोखरच उत्तम टिकलीं आहेत, कारण त्यांतील बहुतेकांच्या केपींत क्लोरेट आहे. तीं झाडणारे हौशी लोक चांदमारीच्या मैदानावर जातांना आपल्या सामानांत एक नरसाळें आणि ऊन पाण्याची बाटली घेऊन जातात.